शाई की भुकटी?

परवा रात्री साडेनऊला आत्तेभावाचा फोन आला. नोकरी चाकणला, फ्लॅट मोशीला, पोरगी यंदा पहिलीत. म्हणाला, "दादा, घरी प्रिंटर घ्यायचाय. लेझर घेऊ की इंकजेट? एका वाक्यात सांग."

मी चाळीस मिनिटं बोललो. शेवटी तो "बरं, बघतो मग" म्हणाला, तेव्हाच समजलो की ह्याच्या डोक्यावरून गेलंय. बायको आतून म्हणाली, "एका वाक्यात सांगायचं होतं ना?" आता हे वाक्य मला का सांगता आलं नाही, ते लिहून बघतो.

आधीच सांगतो, मी काही या विषयातला तज्ज्ञ वगैरे नाही. जुन्या सांगवीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आजवर तीन प्रिंटर आले. दोन शाईचे, एक लेझर. शाईचे दोन्ही भंगारात गेले, लेझर अजून टेबलावर आहे. एवढीच माझी पात्रता. पण या तिघांनी जे शिकवलं ते दुकानात कोणी सांगत नाही. दुकानात विचारतात, "बजेट किती?" आणि "कलर पाहिजे का ब्लॅक?" खरा प्रश्न तिसराच असतो, त्याच्याकडे येतोच.

पहिला प्रिंटर कॉम्प्युटरबरोबर आला, जवळजवळ फुकट. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी आम्ही फुलांचे फोटो छापले, गणपती छापला, मुलीचं नाव सात रंगांत छापलं. (ती तेव्हा दोन वर्षांची होती. तिने तो कागद खाल्ला.) मग दोन महिने त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. आणि मग एके दिवशी बँकेचा फॉर्म काढायला गेलो तर पानावर आडव्या पांढऱ्या रेघा. मेनूत जाऊन 'क्लीनिंग' केलं. रेघा कमी झाल्या. पुन्हा केलं. आणखी कमी झाल्या. चौथ्यांदा केलं तेव्हा पान स्वच्छ आलं आणि शाई संपली!

ही शाई कुठे गेली, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. इंकजेटच्या तोंडाशी केसाहून बारीक अशी शेकडो छिद्रं असतात. त्यांत शाई वाळली की यंत्र आतून नवी शाई जोरात सोडून ती छिद्रं मोकळी करतं. ती धुवणाची शाई खाली एका स्पंजात जाऊन बसते. म्हणजे आपण पैसे मोजून आणलेली शाई, एक अक्षरही न लिहिता, स्पंजाला पाजतो. छोट्या कार्ट्रिजची क्षमता काही वेळा शे-सव्वाशे पानांचीच असते. त्यातून असं पाजायला लागलं तर छापायला उरणार काय?

आमच्या पिढीला खरं तर हे नवं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत दप्तरात पडलेलं शाईचं पेन जूनमध्ये उघडलं की कोमट पाण्यात निब बुडवून बसावं लागायचं. तेच हे. फक्त इथे पाण्याऐवजी शाईनेच धुवायचं, आणि ती शाई अत्तराच्या भावाची.

दुसरा प्रिंटरही मी शाईचाच घेतला. का? तर पहिला वाईट निघाला, कंपनी बदलून बघू, असं वाटलं. माणसाला आपली चूक कंपनीवर ढकलायला आवडतं. असो.

त्या दुसऱ्याने जे केलं ते मात्र मी विसरणार नाही. २०१६ चा ऑगस्ट. अण्णांची अँजिओप्लास्टी झाली. घरी आणलं त्याला आठवडा झाला होता आणि मेडिक्लेमची फाइल दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत द्यायची होती. डिस्चार्ज कार्ड, बिलं, रिपोर्ट, पॅन, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या प्रती. (जाता जाता एक. औषधांची जी चकचकीत कागदावरची बिलं असतात ना, ती थर्मल कागदाची असतात. काही महिन्यांत कोरी होतात. हातात आली की त्याच दिवशी त्यांची प्रत काढून ठेवा.) पस्तीस-चाळीस पानं होती, सगळी काळी-पांढरी. रात्री अकराला बसलो. सहा पानं झाली आणि पडद्यावर पाटी आली की किरमिजी रंग संपला आहे, कार्ट्रिज बदला. मी म्हटलं, अरे बाबा, मला काळं छापायचंय! ग्रेस्केल केलं, ड्राफ्ट केलं, बंद करून चालू केलं. एक नाही नि दोन नाही. काळी शाई भरपूर होती. पण किरमिजी नाही म्हणून काळं नाही.

आतल्या खोलीत अण्णा जागेच होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. "झोप आता, सकाळी बघू," म्हणाले. आजारी माणसाने आपल्याला धीर द्यावा यासारखी लाज नाही.

सकाळी सातपासून मी चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानासमोर उभा. साडेनऊला शटर वर गेलं. पोरगा भला होता, पटापट कामाला लागला. माझा पेनड्राइव्ह लावला, फायली डेस्कटॉपवर घेतल्या आणि छापल्या. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. त्या डेस्कटॉपवर पाय ठेवायला जागा नव्हती. कुणाचं आधार, कुणाचा सातबारा, कुणाचे पगाराचे स्लिप, कुणाची घटस्फोटाची नोटीस. सगळी नावानिशी. त्यांतच आता अण्णांच्या हृदयाचा अहवाल आणि माझ्या खात्याचा नंबर जाऊन बसला. "दादा, नंतर डिलीट करतो," तो म्हणाला. त्याच्या मनात काही वाईट होतं असं मला अजिबात वाटत नाही. दिवसाला दोनशे गिऱ्हाइकं येतात, तो बिचारा कुठे कुठे डिलीट करत बसेल?

पुढे २०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बंगळुरू कार्यालयाने एक सूचना काढली होती, की आधारच्या प्रती कुणालाही देत सुटू नका, आणि सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरवर ई-आधार उतरवायचं टाळा, उतरवलंच तर कायमचं पुसून टाका. दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली, गैरसमज होईल म्हणून, आणि नेहमीची काळजी घ्या असं सांगण्यात आलं. मला तेव्हा तो डेस्कटॉप आठवला. नेहमीची काळजी म्हणजे नक्की काय, हा प्रश्नही पडला.

तर त्या आठवड्यात मी लेझर आणला. काळाच, साधा, जुनाट दिसणारा.

आता गंमत बघा. तो कसा चालतो हे मी अण्णांना नेटवर वाचून समजावायला गेलो आणि त्यांनीच मला समजावलं. अण्णांची तीस वर्षं पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गेली. सांगवीहून सायकलने दापोडीचा पूल ओलांडून रोज जायचे. मी सांगत होतो, "आत एक ड्रम असतो, त्याच्यावर विजेचा भार देतात, लेझरने अक्षर काढतात, मग तेवढ्याच जागी भुकटी चिकटते, ती कागदावर येते आणि शेवटी तापवून..." अण्णा म्हणाले, "म्हणजे पावडर कोटिंग."

मी थांबलो. खरंच की! भोसरीत गल्लोगल्ली जे पावडर कोटिंग चालतं ते हेच. भुकटीला विजेचा भार द्यायचा, अर्थिंग केलेल्या जॉबवर ती आपोआप चिकटते, मग ओव्हनमध्ये घालायचं. भुकटी वितळते आणि बसते. टोनर म्हणजे तरी काय, रंगवलेलं बारीक प्लॅस्टिकच. तेही दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रुळाखालून जातं आणि कागदाला चिकटतं.

"आणि तुझा तो आधीचा," अण्णा म्हणाले, "ती स्प्रे गन. शिफ्ट संपल्यावर थिनरने धुतली नाही की दुसऱ्या दिवशी चोंदलीच. आम्ही एकदा दिवाळीच्या सुट्टीत तशीच ठेवली होती, नोझल फेकून द्यावं लागलं. पावडरचं तसं नाही. डबा झाकून ठेव, सहा महिन्यांनी उघड, पावडर ती पावडरच."

एवढंच सगळं आहे. मी चाळीस मिनिटं जे सांगत होतो ते अण्णांनी मिनिटभरात संपवलं. दुकानदार जो प्रश्न विचारत नाही तो हाच, की तुमच्या दोन छपायांमध्ये दिवस किती जातात? रोज छापणाऱ्या घराला स्प्रे गन परवडते, कारण ती रोज धुतली जाते. आमच्यासारखं घर, जिथे तीन आठवडे काही नसतं आणि मग एका रात्री चाळीस पानं असतात, तिथे वाट बघत बसणारं यंत्र हवं. भुकटीला वाट बघता येते.

ही दोन यंत्रं जन्मली तीही अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांच्या हातून. लेझरची कल्पना झेरॉक्स कंपनीतल्या गॅरी स्टार्कवेदरची, १९६० च्या दशकाच्या अखेरची. वरिष्ठांना ती पटेना. मग १९७१ मध्ये तो कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या नव्या संशोधन केंद्रात गेला आणि तिथे ती पूर्ण केली. इंकजेटची एक शाखा मात्र अपघाताने निघाली. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्याकडून गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि टोकातून शाई फुर्रकन उडाली. उष्णतेने बुडबुडा होतो आणि तो शाई ढकलतो, हे त्यातून सुचलं. सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे एचपीने दोन्ही एकाच वर्षी, १९८४ मध्ये, बाजारात आणले. शाईचा थिंकजेट ४९५ डॉलरला आणि लेझरजेट ३,४९५ डॉलरला. म्हणजे आत्तेभावाचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, आणि स्वस्त-महाग हे गणितही तेव्हापासूनचंच.

आता पैशाचं बोलू, कारण आपल्याकडे त्याशिवाय विषय संपत नाही. माझा टोनर मी भरून घेतो. साधारण साडेतीनशे रुपये पडतात, दीडेक हजार पानं निघतात. पाच टक्के काळं असलेलं पान धरून कंपन्या पानं मोजतात हे लक्षात ठेवा. तुमचं पान गच्च भरलेलं असेल तर कमी निघतील. कागद धरून मला पानामागे रुपयाच्या आतच खर्च येतो. दुकानात तीन रुपये. म्हणजे पानाला दोन रुपये वाचतात. आम्ही महिन्याला सरासरी तीस पानं काढतो. साठ रुपये महिना, सातशे वीस रुपये वर्ष. बारा हजारांचा प्रिंटर वसूल व्हायला सतरा वर्षं!

मला हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा हसू आलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर पैशासाठी घरात कुठलाच प्रिंटर घेऊ नये, ना शाईचा ना लेझर. चौकातला पोरगा स्वस्त आहे आणि त्याचंही पोट आहे. प्रिंटर घ्यायचा तो रात्री अकरासाठी, आणि घरचे कागद घरात राहावेत यासाठी. ज्याला या दोन्हीची गरज वाटत नाही त्याने ते बारा हजार बँकेत ठेवावेत. पण एकदा या कारणासाठी घ्यायचा म्हटलं की मग रात्री अकराला हमखास उठणारा घ्यायचा. किरमिजी नाही म्हणून रुसणारा काय कामाचा?

भरून घेण्याचा विषय निघालाच आहे तर, कार्ट्रिजमध्ये चिप घालून "हे आमच्याकडचंच वापरा" म्हणायची कंपन्यांची जुनी सवय. अमेरिकेत लेक्समार्कने रिकाम्या टोनरची कार्ट्रिजं भरून विकणाऱ्या इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाच्या छोट्या कंपनीला पेटंटवरून कोर्टात खेचलं होतं. २०१७ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा वस्तू विकली की तुमचा पेटंटचा हक्क संपला, गिऱ्हाईक तिचं काहीही करो. अण्णांना हे वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "ह्याला कोर्ट कशाला लागतं?" त्यांच्या शाळेत शाईची पूड पाण्यात कालवून दौतीत भरायचे. दौत कुणाची असा प्रश्नच नव्हता. (दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवातसुद्धा १९३१ मध्ये शाईच्या पुडीपासून आणि वड्यांपासूनच झाली. तेव्हा भुकटी की शाई हा वाद आपल्याकडे तसा जुनाच!)

लेझरची मी नुसती आरती करतोय असं वाटायला नको. त्याची दुखणी आहेत. तो रूळ तापवायला एकदम शेकडो वॅट वीज खेचतो. आमच्याकडे तो जागा झाला की ट्यूब एकदा मिचकते. म्हणून त्याला कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावायचं नाही, यूपीएस बोंबलतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की तो ठोकळा, इन्व्हर्टरवर चालवायचा नाद मी एकदाच केला.

दुसरं म्हणजे पावसाळा. आमच्या सांगवीच्या एका अंगाला मुळा, दुसऱ्या अंगाला पवना. जुलैमध्ये इथे मीठ पाझरतं आणि कागद ओला होतो. दमट कागद गरम रुळातून गेला की पापडासारखा वळतो आणि अडकतो. उघडी रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायची, ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घालायचे. एवढं केलं की ऐंशी टक्के कटकट मिटते.

तिसरं, छापताना काही लेझर प्रिंटर अगदी सूक्ष्म कण हवेत सोडतात. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाच्या लोकांनी कार्यालयांतले ६२ प्रिंटर तपासले, त्यात १७ खूप कण सोडणारे निघाले. घरात महिन्याला तीस पानांनी काय होणार, पण आमच्याकडे हृदयाचा पेशंट म्हणून तो अण्णांच्या खोलीतून काढून खिडकीशी ठेवला. आणि टोनर सांडला तर गरम पाण्याने पुसू नका. प्लॅस्टिक आहे, बसेल तिथेच. कोरडं झटका, मग गार पाणी. फरशीवरच्या एका डागाने मला हे शिकवलं.

आणि चौथं, रंग नाही. इथे मी गप्प होतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या बचत गटाचा पवनाथडी जत्रेत स्टॉल होता, त्यांना लोणच्याच्या बरण्यांसाठी लेबलं हवी होती. कैरी हिरवी आणि मिरची लाल दिसायला हवी ना! माझ्या काळ्या कैरीकडे बघून वहिनी "छान आहे हो" म्हणाल्या आणि दुसरीकडून करून आणली. रंगीत लेझर घरी घेऊ नका एवढं मात्र नक्की सांगेन. चार-चार टोनर सांभाळायचे म्हणजे घरात चार जावई.

मग रंग हवाच असेल तर? तर टाकीवाला. २०१० पासून एप्सनने आधी इंडोनेशियात आणि मग आपल्यासारख्या देशांत हे शाईच्या टाक्यांचे प्रिंटर आणले. मागोमाग बाकीचेही आले. आपल्या गल्लीतले लोक प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या लावून हे उद्योग आधीपासून करत होतेच. कंपन्यांनी ते रीतसर केलं इतकंच. एका काळ्या बाटलीत चार-साडेचार हजार पानं निघतात, त्यामुळे कार्ट्रिजची ती लूट गेली. शाळेतल्या पोरांचं घर असेल, रोज काही ना काही छापत असेल, तर टाकीवाल्यासारखं दुसरं नाही. २०२० मध्ये शाळा बंद होऊन रोज वर्कशीट यायला लागली तेव्हा समोरच्यांकडे टाकीवाला होता आणि माझ्या मुलीची निम्मी चित्रं तिथूनच आली. पण एक लक्षात ठेवा, टाकीने शाई स्वस्त झाली, वाळायची थांबली नाही. गन तीच आहे, फक्त डबा मोठा लावलाय.

लेझरचा मला झालेला खरा फायदा मात्र मी मोजलाच नव्हता. ऑपरेशननंतर अण्णा तीन महिने घरी. मोबाइलवर वाचता येत नाही, डोळे दुखतात. मी नेटवरचं काहीबाही, लेख, जुन्या क्रिकेटच्या गोष्टी, त्यांना सोळाच्या टायपात काढून द्यायला लागलो. आधी शाईवर दिले होते तेव्हा एक गंमत व्हायची. अण्णांना पान उलटायला अंगठा जिभेला लावायची सवय. तो ओला अंगठा पानावर आला की अक्षर फिसकटायचं. संध्याकाळपर्यंत अर्धा लेख त्यांच्या अंगठ्यावर आणि उरलेला जिभेवर. भुकटीचं अक्षर हलत नाही. आठ वर्षांपूर्वीची पानं गठ्ठ्यात आहेत, कोपरे अंगठ्याने मऊ झालेत, अक्षर जसंच्या तसं.

काल आत्तेभावाचा पुन्हा फोन. वहिनींचं म्हणणं, पोरीला रंगीत पाहिजे, रोज शाळेचं काही ना काही असतं. टाकीवाला घ्यायचं ठरलंय. मी म्हटलं, घे, तुझ्या घराला तोच बरोबर आहे. फक्त गावाला जाशील तेव्हा परत आल्या आल्या एक रंगीत पान काढ, आणि एरवीही रविवारी एक. तो म्हणाला, "हे तू परवाच सांगितलं असतंस तर?"

अण्णा विचारतायत, एवढा वेळ काय लिहितोयस. हेच काढून देतो त्यांना. सोळाच्या टायपात दहा-बारा पानं तरी होतील. आज गुरुवार, लाइट अजून आलेली नाही.